पाटाचं दार कुणाच्या हाती? कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीची गोष्ट

लॉस एंजेलिसहून ३९५ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालं की तीन-साडेतीन तासांनी डाव्या हाताला सिएरा नेवाडाचा कडा उभा राहतो. कॅलिफोर्नियातली आपली मंडळी हिवाळ्यात मॅमथला बर्फ पाहायला जातात ती याच रस्त्याने. डावीकडे बर्फाची शिखरं, उजवीकडे करड्या-तांबूस रंगाचे उघडेबोडके डोंगर आणि मधे लांबच लांब, जवळजवळ रिकामं खोरं. गाडी थांबवून एखाद्या कुंपणाजवळ गेलात तर तारेला लावलेली छोटी पाटी दिसेल. ही जागा लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याची आहे, असं ती सांगते. शहर तर तीनशेहून जास्त किलोमीटर मागे राहिलेलं असतं. मग त्याची पाटी इथे, या ओसाड माळावर काय करते?

त्या पाटीचा अर्थ लावायचा तर या काउंटीचा सगळा इतिहास-भूगोल उलगडावा लागतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या ग्रामीण काउंट्या कशा घडल्या, हे समजून घ्यायला मला इन्योइतकं बोलकं दुसरं उदाहरण माहीत नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. ढोबळमानाने आपला जिल्हा. पण तिथे वरून नेमलेला कलेक्टर नसतो. पाच सुपरवायझर लोकांनी निवडून दिलेले असतात आणि काउंटीचा कारभार ते पाहतात. शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुखही निवडून येतो, सरकारी वकीलही आणि घरजमिनीवर कर आकारणारा अधिकारीही. रस्ते, तुरुंग, आरोग्यसेवा, निवडणुका यांचा भार काउंटीवर असतो आणि त्याचा मोठा आधार म्हणजे मालमत्ता कर. हा कराचा मुद्दा लक्षात ठेवा.

इन्यो काउंटीचं क्षेत्रफळ साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो सतरा हजारांचा. म्हणजे दीड अहिल्यानगर. आणि लोक किती? २०२० च्या जनगणनेत १९,०१६. एवढ्या मुलखात नगरपालिका असलेलं शहर एकच, बिशप, आणि तेही चार हजारांच्या आत. काउंटीचं मुख्यालय इंडिपेंडन्स नावाच्या गावात आहे. तिथे खांबांचं भारदस्त कोर्ट आहे, पण गावात हजार माणसंही राहत नाहीत.

लोक इतके कमी का, याचं सोपं उत्तर वाळवंट. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जमिनीच्या मालकीत आहे. इथल्या दर शंभर एकरांतले नव्वदहून अधिक एकर केंद्र सरकारचे आहेत: राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वनं, लष्करी क्षेत्र आणि मोकळी सरकारी जमीन. चार एकरांच्या आसपास लॉस एंजेलिस शहराचे, थोडे राज्य सरकारचे. खाजगी मालकीचे दोन एकरही भरत नाहीत. तुमच्या मुलाला गावात घर बांधायचं असेल तर प्लॉट मिळणंच मुश्कील. केंद्र सरकार स्वतःच्या जमिनीवर मालमत्ता कर भरत नाही, त्याबदल्यात काउंट्यांना काही भरपाई देतं. लॉस एंजेलिस मात्र इथल्या आपल्या जमिनीवर इन्योला कर भरतं, कारण आपल्या हद्दीबाहेर जमीन घेणाऱ्या नगरपालिकांवर कॅलिफोर्नियाच्या घटनेनेच ती जबाबदारी टाकली आहे. ज्या शहराशी काउंटी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली, त्याच शहराचा पैसा तिच्या तिजोरीत येतो.

आता भूगोल. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेत पाठ केलेला असतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि घाट उतरून पूर्वेला गेलं की माण-खटाव कोरडे. इन्योत तेच घडतं, फक्त भिंत सह्याद्रीच्या तिप्पट उंच आहे. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे सिएराच्या पश्चिम उतारावर चढतात, थंड होतात आणि बहुतेक सगळं पाणी तिथे आणि माथ्यावर बर्फ म्हणून टाकतात. पूर्वेला ओवेन्स खोऱ्यात पोचतो तो कोरडा वारा. खोऱ्याच्या तळाशी वर्षाला जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस. आणखी पूर्वेला, दोन डोंगररांगा ओलांडून डेथ व्हॅलीत, साधारण पन्नास-साठ मिलिमीटर. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी हवेच्या तापमानाचा तोच जागतिक उच्चांक आहे.

याच काउंटीच्या पश्चिम सीमेवर माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर, अलास्का सोडली तर अमेरिकेचं सर्वांत उंच शिखर. आणि पूर्वेला बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन. दोन्हींमधलं सरळ अंतर १३६ किलोमीटर. असं का? इथे पृथ्वीचं कवच पूर्व-पश्चिम ताणलं जातंय. ताणताना त्याला भेगा पडतात, काही पट्टे उचलले जातात, काही खचतात. ओवेन्स खोरं हा खचलेला पट्टा आहे. हे काम अजून चालू आहे. २६ मार्च १८७२ च्या पहाटे अडीचच्या सुमाराला लोन पाइन गावाखालची भेग हलली. गावातल्या ५९ घरांपैकी ५२ पडली, २७ माणसं गेली. घरं कच्च्या मातीच्या विटांची होती. त्या रात्री उंचावलेली जमिनीची पायरी गावाबाहेर आजही दिसते.

म्हणजे पाऊस नाही. पण पाणी आहे, आणि भरपूर आहे. सिएराच्या माथ्यावरचं बर्फ एप्रिल ते जुलै वितळतं आणि डझनावारी ओढ्यांनी पूर्वेकडे धावत खाली येतं. हे ओढे ओवेन्स नदीला मिळतात. नदी दक्षिणेला वाहत ओवेन्स तलावात संपायची. समुद्राला वाट नाही, म्हणून तलाव खारट. जवळजवळ २८० चौरस किलोमीटर पाणी. कोरड्या हवेच्या तळाशी वितळलेल्या बर्फाची नदी, हेच इन्योचं भाग्य आणि हेच तिचं दुर्दैव.

या खोऱ्यातले मूळ रहिवासी पायुट. ते स्वतःला न्यूमू म्हणतात आणि खोऱ्याला पायाहूनाडू, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी. गोऱ्यांच्या नोंदींत बरेचदा त्यांना नुसतं कंदमुळं खणून खाणारे म्हटलं गेलं. पण १८५०च्या दशकात जमिनीची मोजणी करायला आलेल्यांना इथे खणलेले पाट दिसले. पुढे १९३०च्या सुमाराला मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्टुअर्ड यांनी वयस्कर पायुटांकडून ती सगळी व्यवस्था उतरवून घेतली.

ती व्यवस्था अशी. वसंतात बर्फ वितळायला लागलं की गावकरी मिळून एक माणूस निवडत. त्याला तुवाइजू म्हणत. आपल्याकडे पांझरा-मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी असतो ना, पाणी कुणाच्या शेताला किती आणि कधी हे पाहणारा, तोच हा. बिशप क्रीकवर वीस-पंचवीस पुरुष जमून दगड, फांद्या आणि चिखलाचा बांध घालत. पुढचं पाणी मात्र पाटकऱ्यानेच फिरवायचं, हातात लांब काठी घेऊन एकट्याने. ओढ्याच्या उत्तरेला एक मोठं शेत, दक्षिणेला दुसरं. एका वर्षी एक भिजवायचं, पुढच्या वर्षी दुसरं, म्हणजे जमिनीला विसावा मिळतो आणि बी धरतं. पेरणी नाही, नांगर नाही. रानातच उगवणारे कंद पाणी देऊन वाढवायचे: निळ्या फुलांचा नाहाविटा आणि आपल्या लव्हाळ्याच्या कुळातला ताबूस. शरद ऋतूत बांध फोडायचा. पाटातलं पाणी ओसरलं की तळाशी मासे तडफडत राहत, ते टोपल्या भरून वेचायचे. मला ही शेवटची गोष्ट फार आवडते. पाणी परत नदीला देतानाही हात रिकामा राहत नसे.

१८६१ साली गुराखी आपले कळप घेऊन खोऱ्यात शिरले. नेवाडातल्या खाणींना मांस पुरवायचं होतं आणि इथे हिरवी कुरणं होती. ती कुरणं पायुटांनी भिजवलेली शेतं होती. गुरांनी कंद तुडवले. त्या हिवाळ्यात भयंकर थंडी पडली, पोटं रिकामी होती, पायुटांनी गुरं मारायला सुरुवात केली आणि लढाई पेटली. ४ जुलै १८६२ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लष्कराने तळ टाकला. त्यावरून इंडिपेंडन्स हे नाव. वर्षभराने, १८६३ च्या जुलैत, त्याच लष्कराने जवळजवळ हजार पायुट स्त्री-पुरुष-पोरांना वाळवंटातून दक्षिणेला फोर्ट तेहोनकडे चालवत नेलं. अनेक जण वाटेत निसटले, अनेक पुढे परतले, पण परतले ते आपल्याच शेतांवर मजूर म्हणून. १८६६ साली इन्यो काउंटी अस्तित्वात आली तेव्हा पाटाचं दार दुसऱ्यांच्या हातात गेलेलं होतं.

नावांतही तो काळ गोठला आहे. लोन पाइनजवळच्या गोलसर खडकांच्या टेकड्यांना खाणकऱ्यांनी अलाबामा हिल्स म्हटलं, कारण यादवी युद्धात ते दक्षिणेच्या बाजूचे होते आणि अलाबामा हे दक्षिणेचं गाजलेलं जहाज होतं. १८६४ साली उत्तरेच्या किअरसार्ज जहाजाने अलाबामा बुडवलं, तेव्हा उत्तरेच्या बाजूच्या लोकांनी जवळच्याच खाणीला, शिखराला आणि खिंडीला किअरसार्ज नाव देऊन टाकलं. ओवेन्स नदीला ज्या रिचर्ड ओवेन्सचं नाव आहे त्याने हे खोरं पाहिलंही नव्हतं. याच अलाबामा हिल्समध्ये पुढे १९३९ च्या एका हॉलिवूडपटात ब्रिटिश हिंदुस्थानची वायव्य सरहद्द उभी केली गेली. आपल्या नावाने लोकांनी पाहिलेला तो मुलूख इन्यो काउंटीचा होता.

खाणींचा काळ झपाट्याने आला आणि झपाट्याने गेला. तलावाच्या वरच्या डोंगरात सेरो गोर्दोला १८६५ मध्ये चांदी आणि शिसं सापडलं. ते वितळवून केलेल्या विटा तलावातून नेण्यासाठी १८७२ साली बेसी ब्रेडी नावाची छोटी आगबोट सोडली. आज तिथे धुळीचा तळ आहे, हे त्या बोटीवर उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता. तिथून खेचरांच्या गाड्या त्या विटा लॉस एंजेलिसला नेत आणि परतताना धान्य आणत. तेव्हाचं लॉस एंजेलिस लहान गाव होतं, त्याच्या बाजारपेठेला इन्योच्या चांदीने मोठा हात दिला. डेथ व्हॅलीत १८८०च्या दशकात काही वर्षं टाकणखार काढला गेला. मिठागरासारख्या तळावर तो खरवडायला चिनी मजूर असत आणि वीस जनावरांच्या जोडगाड्या तो २६५ किलोमीटर दूरच्या रेल्वेपर्यंत ओढत. खाणी संपल्या, खोऱ्यात शेतकरी उरले. अल्फाल्फा, मका, सफरचंद, नाशपाती, गुरं, मधमाश्या. १९०० च्या आसपास इथे चांगली नांदती गावं होती.

इथे कायद्याचा एक धागा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं नुसतं चोरीचं प्रकरण वाटतं. अमेरिकेच्या पूर्व भागात जुना इंग्रजी नियम होता: नदीकाठी ज्याची जमीन, त्याचा पाण्यावर हक्क. पश्चिमेत सोन्याच्या खाणकऱ्यांनी वेगळाच पायंडा पाडला. जो आधी पाणी वळवेल आणि कामाला लावेल, त्याचा हक्क आधी. पाणी कुठे नेता, किती लांब नेता, याला बंधन नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही नियम एकत्र नांदतात. याचा अर्थ असा की पाण्याचा हक्क ही विकत घेता येणारी वस्तू आहे. काठावरची शेती घ्या, पाट-मंडळीचे (शेतकऱ्यांच्या सामाईक कालवा-कंपनीचे) शेअर घ्या, आणि पाणी तुमचं. शेती करण्याची सक्ती नाही.

हे ज्याने नीट ओळखलं तो माणूस स्वतः पाटकरीच होता. विल्यम मलहॉलंड, जन्म आयर्लंडचा, १८७७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि शहराच्या मातीच्या कालव्यातला गाळ-कचरा काढण्याच्या नोकरीला लागला. तिथे पाटकऱ्याला स्पॅनिशमध्ये सान्हेरो म्हणत. शिकत शिकत तो शहराच्या पाणी खात्याचा मुख्य अभियंता झाला. १९०० साली शहरात लाखभर लोक होते आणि आकडा दर काही वर्षांनी दुप्पट होत होता. स्थानिक नदी पुरणार नव्हती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी त्याला १९०४ मध्ये घोडागाडीतून ओवेन्स खोऱ्यात आणलं आणि नदी दाखवली. खोरं उंचावर, शहर समुद्राजवळ. एकही पंप न लावता पाणी निव्वळ उताराने तिथवर जाईल, हे मलहॉलंडने ताडलं.

त्याच वेळी केंद्र सरकारचं नवं पाटबंधारे खातं याच खोऱ्यात शेतकऱ्यांसाठी धरण-कालव्यांची पाहणी करत होतं. शेतकऱ्यांनी विश्वासाने त्यांना नोंदी दिल्या. त्या खात्याचे इथले प्रमुख अभियंता जोसेफ लिपिंकॉट त्याच काळात लॉस एंजेलिसकडूनही सल्लागार म्हणून पैसे घेत होते. ईटन गावोगाव फिरून जमिनींचे सौदे करत होते, आणि लोकांना वाटत होतं की हे सरकारी योजनेचंच काम आहे. १९०५ च्या जुलैअखेर लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा मोक्याच्या जमिनी शहराच्या हातात गेल्या होत्या. सरकारी योजना बारगळली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या बाजूने कौल दिला. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित, हा त्यामागचा विचार. नव्या वसाहतकऱ्यांनी मधे जमिनी घेऊ नयेत म्हणून जवळजवळ झाडं नसलेला खोऱ्याचा तळही राष्ट्रीय वनाच्या हद्दीत घातला गेला.

५ नोव्हेंबर १९१३ रोजी ३७५ किलोमीटरच्या कालव्याचं पाणी सॅन फर्नांडो खोऱ्यात उतरलं. अभियांत्रिकी म्हणून ते काम थक्क करणारं आहे, हे मान्यच केलं पाहिजे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर असलेल्या तोंडातून पाणी बोगदे आणि पोलादी नळांतून निघतं, दरी आली की नळातून खाली उतरतं आणि मागच्या पाण्याच्या दाबानेच पलीकडे वर चढतं. पाच वर्षांत, खेचरांच्या आणि माणसांच्या बळावर. समारंभात मलहॉलंड गर्दीला म्हणाला, हे पाहा, घ्या. सॅन फर्नांडो खोरं तेव्हा शहरात नव्हतंच. तिथे काही धनाढ्यांच्या मंडळाने आधीच स्वस्तात जमीन घेऊन ठेवली होती. १९१५ मध्ये ते खोरं शहरात सामील झालं आणि इन्योचं पाणी सुरुवातीला मोठ्या प्रमाणात तिथल्या बागांना गेलं. तहानलेल्या शहराची गोष्ट तिथे थोडी लंगडी पडते.

कालव्याचं तोंड खोऱ्याच्या मध्यभागी असल्याने वरच्या भागातली शेती काही वर्षं तगली. १९२०च्या दशकात दुष्काळ पडला, शहर पाच लाखांच्या पुढे गेलं आणि खरेदीची दुसरी लाट आली. शहराच्या माणसांनी पाटावरची एक जमीन घ्यायची, मधली सोडायची, पुढची घ्यायची. शेजारी गेले की पाटाची डागडुजी एकट्याच्या गळ्यात. शेवटी तोही विकायचा. गावात दुकानं चालेनात, कारण गिऱ्हाईकच उरलं नाही. दुकानदाराकडे पाण्याचा हक्क नव्हता, त्यामुळे त्याला भरपाईही नव्हती.

२१ मे १९२४ च्या रात्री कालव्याला सुरुंग लागला. आणि १६ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, सत्तरेक माणसं लोन पाइनच्या उत्तरेला अलाबामा गेट्सवर चढली आणि त्यांनी जादा पाणी सोडण्याची दारं उघडली. लॉस एंजेलिसकडे निघालेली सगळी नदी परत आपल्या जुन्या पात्राकडे वळली. चार दिवस ते हलले नाहीत. बायका स्वयंपाक घेऊन आल्या, पोरं आली, दुकानं बंद झाली, शेकोट्यांवर मांस भाजलं गेलं. जवळच चित्रीकरण करणाऱ्या टॉम मिक्स या नटाने आपले वादक पाठवले. शेकडो माणसं होती आणि कुणी गोळी झाडली नाही. शेरीफ आला तोही लोकांनीच निवडलेला, खोऱ्यातलाच. चार दिवसांनी बोलणी होतील या आशेवर त्यांनी दारं बंद केली. बोलण्यांतून काही निघालं नाही. १९२७ पर्यंत सुरुंग फुटत राहिले.

मग पाठीचा कणा मोडला तो आतून. विरोधाचे पुढारी होते विल्फ्रेड आणि मार्क वॉटरसन हे बँकर बंधू. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांच्या बँकांची दारं उघडली नाहीत. हिशेबात अफरातफर निघाली. लोकांची आयुष्यभराची पुंजी, आणि शहराने जमिनीपोटी दिलेला पैसाही, त्याच बँकांत होता. दोघे भाऊ तुरुंगात गेले. १९३३ पर्यंत खोऱ्यातली ९५ टक्के शेतजमीन आणि गावांतली ८५ टक्के मालमत्ता लॉस एंजेलिसची झाली होती. सुरुवातीला पाहिलेली पाटी ही अशी आली.

इंडिपेंडन्स आणि लोन पाइनच्या मधे मॅन्झनार आहे. स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. तिथे आधी पायुट राहत. १९१० मध्ये शेतकऱ्यांची वसाहत उभी राहिली, फळबागा लागल्या. १९२०च्या दशकात शहराने ती विकत घेतली, माणसं गेली, झाडं सुकू लागली. १९४२ साली अमेरिकी लष्कराने तीच जमीन जपानी वंशाच्या लोकांना डांबण्यासाठी घेतली. शहराच्या पाणी खात्याने हरकत घेतली, कारण हे लोक कालव्यात विष कालवतील अशी भीती होती. छावणी झालीच. ३६ गाळ्यांत ५०४ बराकी, काटेरी तार, आठ मनोरे, आणि एका वेळी दहा हजारांवर माणसं. म्हणजे आजच्या अख्ख्या काउंटीच्या निम्म्याहून जास्त लोक एका तारेआड. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. कुणावर खटला नव्हता. फळ्यांच्या फटींतून आत येणारी धूळ रात्रीत अंथरुणावर थर धरायची. आणि ही धूळ कुठून येत होती, तर पाणी नेल्यावर उघड्या पडलेल्या खोऱ्यातून.

त्या लोकांनी तिथे काय केलं? दुर्लक्षित फळझाडांना पुन्हा पाणी दिलं, छाटणी केली, आणि नाशपाती-सफरचंदांना पुन्हा फळ धरलं. भोजनगृहांबाहेर जेवणाच्या रांगेत ताटकळणाऱ्यांसाठी त्यांनी दगड रचून छोटी तळी आणि बागा केल्या. सिएराचा ओढा फिरवून त्यांत पाणी खेळवलं. छावणी २१ नोव्हेंबर १९४५ रोजी बंद झाली. बागा मातीखाली गेल्या होत्या, त्या राष्ट्रीय उद्यान खात्याने अलीकडच्या काळात एकेक करून उकरून काढल्या आहेत. ती कोरडी, सिमेंटने सांधलेली दगडी तळी पाहिली की पाण्यासाठीची माणसाची ओढ हातांतून कशी उतरते ते दिसतं.

दरम्यान ओवेन्स तलाव १९२०च्या दशकातच आटला. खाऱ्या तलावाचा तळ वाळला की त्यावर क्षारांची पापडी धरते, हिवाळ्यातल्या ओलाव्याने ती भुसभुशीत होते आणि वारा ती उचलतो. ही पीठासारखी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते, तिच्यात आर्सेनिकही असतं. कित्येक वर्षं हा कोरडा तलाव अमेरिकेत अशा धुळीचा सर्वांत मोठा एकमेव स्रोत होता. १९७० मध्ये शहराने दुसरा कालवा सुरू केला आणि तो भरायला खोऱ्याखालचं पाणी उपसायला घेतलं. झरे आटले, कुरणं वाळली. १९७२ मध्ये काउंटीने कोर्टात धाव घेतली. एकोणीस हजारांच्या काउंटीने लाखोंच्या शहराशी दोन दशकं खटला लढवला आणि १९९१ मध्ये उपशावर बंधनं घालणारा करार पदरात पाडून घेतला. त्यातल्या आश्वासनानुसार नदीच्या वाळलेल्या शंभर किलोमीटर पात्रात पाणी सोडायचं होतं. शहराने इतका उशीर केला की न्यायाधीशांनी रोजचा ५,००० डॉलर दंड लावला. अखेर डिसेंबर २००६ मध्ये पाणी सुटलं. धूळ बसवण्यासाठी शहराला तलावाच्या तळावर दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च करावा लागला आहे: कुठे खडी, कुठे गवत, कुठे वीतभर पाणी. ज्या भागात वीतभर पाणी ठेवलं तिथे खाऱ्या पाण्यातल्या माश्या आल्या आणि त्यांच्यामागे हजारो पाणपक्षी परत आले.

या सगळ्या आकड्यांपेक्षा माझ्या मनात एक छोटी घटना घर करून आहे. ओवेन्स पपफिश नावाचा बोटाएवढाही नसलेला मासा जगात फक्त या खोऱ्यात होतो. तो नामशेष झाला असं मानलं गेलं होतं, पण १९६४ मध्ये बिशपच्या उत्तरेला फिश स्लूच नावाच्या दलदलीत थोडे सापडले. १८ ऑगस्ट १९६९ रोजी ते डबकं झपाट्याने आटू लागलं. राज्याच्या मत्स्य विभागातले जीवशास्त्रज्ञ फिल पिस्टर सहकाऱ्यांसह धावले. उरलेले सुमारे आठशे मासे त्यांनी पकडले, सहकारी दुसऱ्या कामाला गेले आणि पिस्टर दोन बादल्या हातात घेऊन मोटारीकडे निघाले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एक अख्खी प्रजाती आपल्या दोन हातांत लटकते आहे. पाय अडखळला, बादली कलंडली की संपलं. ते जपून चालले. तो मासा आज आहे.

आणि पायुट? बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन इथली त्यांची आजची वस्तीची जमीन १९३०च्या दशकाअखेरच्या एका अदलाबदलीतून आली. केंद्र सरकारने त्यांच्यासाठी राखलेली २,९०० एकरांहून जास्त जमीन शहराला दिली आणि बदल्यात शहराकडून त्यांना सुमारे १,४०० एकर मिळाली. जमिनीबरोबर पाण्याचे हक्क दिले गेले नाहीत, कारण शहराच्या सनदेनुसार त्यासाठी मतदारांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. तो प्रश्न तेव्हा पुढे ढकलला, तो आजही सुटलेला नाही. डेथ व्हॅलीतल्या टिंबिशा शोशोनींची कथा याहून कडवट: १९५०च्या दशकाअखेरच्या धोरणानुसार कुटुंबं उन्हाळ्यात डोंगरात गेली की उद्यान खातं त्यांच्या रिकाम्या मातीच्या घरांवर पाण्याचे फवारे मारून ती विरघळवून टाकायचं. ते लोक हटले नाहीत. २००० साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून त्यांना त्यांच्याच मुलखात साडेसात हजारांहून जास्त एकर जमीन दिली, राष्ट्रीय उद्यानाच्या आत फर्नेस क्रीकची जागा धरून.

ओवेन्स खोऱ्यातल्या पायुट मंडळींनी गेल्या काही वर्षांत जुन्या पाटांच्या खुणा पायी फिरून शोधल्या आणि नकाशावर नोंदवल्या. झुडपांमधून जाणारा उथळ चर, काठावर ओळीने पडलेले दगड, आणि उतार इतका बेताचा की पाणी ना धावेल ना तुंबेल. चर बहुतेक ठिकाणी लॉस एंजेलिसच्या कुंपणाआड आहेत. वर ओढा अजून वाहतो.